जुनी गाडी घेताना: चकचकीत बघावी की पूर्ण?

दुहेरी_क्लच

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतो आहे.

मला मॉरिस मायनर ही जुनी इंग्लिश मोटार हवी आहे. कारण सरळ सांगतो, मला त्या गाडीचा आवाज हवा आहे. कॉलेजात असताना एकदा उताराच्या पायथ्याशी उभा होतो आणि वरून एक मायनर आली. चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असणार, कारण सायलेन्सरमधून ओठ फुगवून फुर्रर्र करावं तसा जाडसर, फुटका आवाज येत होता. गाडी वळणाआड गेली तरी तो येतच राहिला. आमच्या घरात कधी कुणाकडे अशी गाडी नव्हती, त्यामुळे जुन्या आठवणींचा इथे संबंध नाही. तो आवाज डोक्यात बसला, इतकंच.

दोन वर्षं शोधून आता दोन गाड्यांपाशी थांबलो आहे.

पहिली: लाल रंग नुकताच मारलेला, सीट नव्या, क्रोम झगझगीत. स्टार्टरचा नॉब ओढला की लगेच सुरू होते. मालकाला विकायची घाई आहे.

दुसरी: १९५७ची मायनर १०००, ९४८ सीसीचं इंजिन. एका पत्र्याच्या शेडमध्ये १९ वर्षं उभी. चारही टायर बसलेले, इंजिन फिरत नाही, मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलंय. पण दाराच्या मागच्या खांबांतले इशाऱ्याचे हात (ट्रॅफिकेटर) जागेवर, हाताने इंजिन फिरवायचं हॅंडल डिकीत, मूळ चावी, गाडीची पुस्तिका, चारही व्हील कॅप, सगळं आहे. मालकीणबाई आजी आहेत आणि त्यांना घाई अजिबात नाही.

मन पहिलीकडे ओढतंय, पण दुसरी डोक्यातून जात नाही. अनुभवी लोकांनी सांगा.

ग्रीसगन

दुसरी. पण आधी दोन्हींच्या खाली झोपा.

जुन्या गाडीत लोक बॉनेट उघडून इंजिन ऐकतात आणि तिथेच फसतात. इंजिन ही त्यातल्या त्यात सोपी गोष्ट. मायनरच्या ए-सिरीज इंजिनाचं कामकाज जगभरच्या मेकॅनिकांना पाठ आहे, सुटे भाग आजही नवे बनतात. पत्र्याचं तसं नाही. मायनरला वेगळी चासी नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा. तो सडला की गाडी सडली.

कुठे बघायचं ते सांगतो. दारांखालचे सिल, म्हणजे उंबरठ्यासारख्या लांब पट्ट्या. जमिनीखालून आडवा जाणारा क्रॉसमेंबर, खास करून त्याची दोन्ही टोकं, जिथे जॅक लावतात. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगचे) हँगर, हे तर आधी बघा, चाकांनी उडवलेला चिखल वर्षानुवर्षं तिथे साचून राहतो. पुढच्या मडगार्डांच्या आतला पत्रा. आणि कार्पेट उचला. मालक कार्पेट उचलू देत नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

पातळ कापडात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक खिशात ठेवा. सिलवरून, चाकांच्या कमानींवरून, दारांच्या खालच्या कडेवरून फिरवा. जिथे ते पकड सोडेल तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पोचा आला म्हणून थोडी लांबी भरणं गैर नाही, पण सिलमध्ये ती सापडली तर उठून चालू लागा. मग स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घ्या आणि पत्रा ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, सडलेला भदभदा. आवाजासाठी गाडी घेताय ना, मग हाही आवाज ऐका.

आणखी एक. मालकाची परवानगी घेऊन गाडी जॅकवर थोडी उचला आणि त्या बाजूचं दार उघडून बघा. आधी नीट लागणारं दार आता अडत असेल तर खालचा सांगाडा वजन पेलत नाहीये.

चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी ताडून बघा. मूळ नोंदी हव्या असतील तर इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे कारखान्याची दप्तरं आहेत. नंबर कळवल्यावर गाडी कुठल्या तारखेला, कुठल्या रंगात बाहेर पडली याचं प्रमाणपत्र ते देतात.

निवांत_प्रवासी

मी वेगळं मत मांडतो, ग्रीसगन यांचा आदर ठेवून. ही यांची पहिलीच जुनी गाडी आहे. बंद गाडी घरी आणायची, ती खोलायची, नट-बोल्ट डब्यांत भरायचे, मग कामाचा व्याप वाढतो आणि डबे तसेच राहतात. अशा सुट्या झालेल्या गाड्या मी पाच-सहा तरी पाहिल्यात. त्यातली एकही परत जोडली गेली नाही. चालती गाडी घ्या, रविवारी फिरवा, आणि चालवता चालवता शिका. छंद आनंदासाठी आहे.

पाना_१२

चालती घ्या हे मला पटतं, पण ‘चालती’ आणि ‘चकचकीत’ यांत फरक आहे. माझं सांगतो.

माझी पहिली जुनी गाडी अशीच नव्या रंगाची होती. सहा महिन्यांनी पावसाळ्यात सिलजवळ रंगाला फोड आले. नखाने खरवडलं तर तुकडा हातात आला. आत लोखंडी जाळी, तिच्यावर वर्तमानपत्राचे बोळे, त्यावर लांबी आणि वर सुंदर रंग. ज्याने विकली त्याला बहुतेक सगळं ठाऊक होतं. पैसे गेल्याचं दुःख ओसरलं. त्या गाडीत मी मुलांना घेऊन फिरलो होतो, ते मात्र अजून टोचतं.

नवा रंग दिसला की विचारायचं, रंगाआधीचे फोटो आहेत का? मनापासून काम केलेला माणूस फोटो काढतोच. पत्रा उघडा असतानाचे, वेल्डिंगचे, प्रायमरचे. नसतील तर माझ्या लेखी तो रंग म्हणजे झाकण.

आणि बारीकसारीक गोष्टी पूर्ण असण्याची किंमत नवख्यांना कळत नाही. इंजिनाचा रिंग सेट मिळेल. पण तुमच्याच वर्षाच्या गाडीचा काचेचा मूळ दिवा, डॅशबोर्डवरचा तो एकच नॉब, दाराच्या काचेभोवतीची ती पट्टी, यांच्यासाठी माणसं वर्षानुवर्षं फिरतात. इंग्लंडमध्ये ब्यूली (Beaulieu) इथे जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजार भरतो, ‘ऑटोजंबल’ हा शब्द तिथलाच. मैदानभर मांडलेल्या टेबलांवरून हातात जुना भाग घेऊन त्याचा जोडीदार शोधत फिरणारी माणसं हे तिथलं नेहमीचं दृश्य. तुमच्या आजींच्या गाडीत ते सगळं जागेवर आहे.

हंसध्वनी

फार माहितीपूर्ण चर्चा चालली आहे. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण एक विचारते. १९५७ची गाडी ‘विंटेज’ म्हणायची का? की त्याचे काही नियम आहेत?

जुनी_वाट

ताई, चांगला प्रश्न विचारलात. बोलण्यात आपण सरसकट विंटेज म्हणतो आणि त्याने कुणाचं बिघडत नाही. पण काटेकोर बोलायचं तर इंग्लंडच्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबने (स्थापना १९३४) रेघा आखल्या आहेत. १९०४ पर्यंतच्या गाड्या व्हेटरन, १९०५ ते १९१८ एडवर्डियन आणि १९१९ ते १९३० विंटेज. १९३० संपलं की विंटेज संपलं. लंडन ते ब्रायटन जी जुन्या गाड्यांची फेरी निघते तिच्यात १ जानेवारी १९०५ पूर्वीच्याच गाड्या घेतात. १४ नोव्हेंबर १८९६ला वेगमर्यादा वाढली म्हणून मोटारवाल्यांनी त्या रस्त्याने आनंदाची फेरी काढली होती, तिची ही आठवण. वाढून किती झाली होती? ताशी १४ मैल.

जुन्या गाड्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ ढोबळमानाने ३० वर्षांची अट घालते. गाडी मूळ रूपात राखलेली हवी आणि रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरात नको. त्या हिशेबाने मायनर ऐतिहासिक वाहन झालं. क्लासिक म्हणा, विंटेज म्हणा.

आता धागाकर्त्यांसाठी. माझ्याकडे फोर्ड मॉडेल टी आहे. १९०८ ते १९२७ या काळात त्या दीड कोटी बनल्या. तिला चालवणं म्हणजे नव्याने चालायला शिकणं. जमिनीवर तीन पेडल. डावं पूर्ण दाबलं की पहिला गिअर, पूर्ण सोडलं की दुसरा, मधोमध धरलं की न्यूट्रल. मधलं पेडल रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. ॲक्सिलरेटर पायात नाहीच, तो स्टेअरिंगखाली उजव्या हाताच्या दांडीत. डावीकडची दांडी ठिणगीची वेळ पुढे-मागे करते आणि हॅंडल मारण्याआधी ती मागे घेतली नाही तर इंजिन उलटा झटका देऊन मनगट मोडतं. हॅंडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा गुंडाळायचा नाही. हे तुमच्या मायनरलाही लागू आहे.

तीस-पस्तीस मैलांच्या पुढे मी ती नेत नाही. त्या वेगात रस्त्याकडेची माणसं ओळखू येतात, ती हात करतात, आपणही करतो. मला या छंदातून जे हवं होतं ते मला त्या वेगात मिळालं.

निवांत_प्रवासी म्हणतात ते खरं आहे, सुटी झालेली गाडी क्वचितच परत उभी राहते. म्हणून एक पथ्य पाळा: आजींची गाडी घेतलीत तर खोलू नका. फक्त जागी करा. एका वेळी एकच भाग काढायचा, दुरुस्त करायचा, परत बसवायचा, मगच पुढचा.

निवांत_प्रवासी

काका, या पथ्यावर मीही सही करतो.

दुहेरी_क्लच

सगळ्यांचे आभार. दोन्ही गाड्या बघून आलो.

लाल गाडी: मागच्या कमानीवर चुंबक सरळ खाली पडलं. कार्पेट मालकाने उचलू दिलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. खाली जमिनीवर जाड काळं डांबरासारखं थापलेलं होतं आणि पेडलांपाशी अंगठा दाबला तर पत्रा दबला. रंगाआधीचे फोटो नाहीत. मी आभार मानून निघालो.

आजींची गाडी: दोन तास तिच्याखाली होतो. शेडची जमीन कोरडी आणि गाडी फळ्यांवर उभी केलेली, त्यामुळे खालून ओल लागलेली नाही. सिल दोन्हीकडे खणखणीत. उजवीकडच्या मागच्या हँगरपाशी वरवरचा गंज, खरवडल्यावर खाली चांगलं लोखंड. डावीकडे पुढच्या मडगार्डाच्या आत तळहाताएवढा भाग गेला आहे, तिथे तुकडा वेल्ड करावा लागेल. जॅकवर उचलून दार उघडलं, हलकं उघडलं आणि तसंच लागलं. नंबर कागदांशी जुळले.

बॉनेटवरची धूळ पुसताना मधोमध एक सपाट पट्टा हाताला लागला. या पट्ट्याबद्दल वाचलं होतं, तरी बोटांना लागल्यावर अंगावर काटा आला. ॲलेक इसिगॉनिस यांना १९४८ साली ही गाडी लोकांसमोर येण्याच्या थोडं आधी ती अरुंद वाटू लागली. त्यांनी नमुना गाडी मधोमध उभी कापून दोन भाग दूर सरकवून बघितले आणि ४ इंच रुंदी वाढवली. त्या ४ इंचांची खूण प्रत्येक मायनरच्या बॉनेटवर राहिली. पुढे मिनी बनवणारा हाच माणूस.

आजींनी विचारलं, “चालवणार की शोभेला ठेवणार?” चालवणार म्हणालो. मग त्यांनी चावी दिली.

गाडी काल घरी आली. इंजिन अजून फिरत नाही. आता?

ग्रीसगन

अभिनंदन! आता कितीही मोह झाला तरी बॅटरी जोडून नॉब ओढू नका. क्रमाने चला.

चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन सम प्रमाणात मिसळून थोडं थोडं ओता. हे मिश्रण भसकन पेटतं, जवळ ठिणगी नको, दारं उघडी ठेवा. आठवडाभर हात लावू नका. मग परत ओता. त्यानंतर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून पुढे-मागे हलकेच झुलवा. जोर लावायचा नाही. पिस्टनची रिंग भिंतीला चिकटलेली असते, तेल मुरलं की ती सुटते. घाई केली तर रिंग तुटून भिंत ओरखडते.

फिरू लागलं की टॅपेट कव्हर काढून वरचे सगळे व्हॉल्व्ह हलतात का बघा. जुनं ऑइल काढा, नवं २०-५० भरा, जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं. या इंजिनात कॅम सरळ टॅपेटवर घासत चालतो आणि तिथे जस्ताचा थरच वाचवतो. आजच्या गाड्यांसाठीची पातळ तेलं हिला घालू नका.

टाकी काढून धुवा. १९ वर्षांचं पेट्रोल आता पेट्रोल उरलेलं नाही, वॉर्निश झालेलं असेल. रबरी नळ्या सगळ्या नव्या आणि इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं आणि पाणीही ओढून घेतं.

बॅटरी जोडताना थांबा. या गाडीत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आपल्या सवयीच्या उलट. मधे कुणी बदललं असेल तर तेही तपासा.

आणि ब्रेक. इंजिन सुरू व्हायच्या आधी ब्रेक. मास्टर सिलिंडर पायाखाली जमिनीत दडलेला आहे आणि काढायला जिवावर येतो, तरीही काढा. सगळे व्हील सिलिंडर, सगळ्या रबरी नळ्या नव्या. या गाडीला ब्रेकची एकच लाइन आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले.

पाना_१२

टायरचं मीच सांगून टाकतो, नक्षी कितीही खोल दिसली तरी पाचही टाकून द्या. रबर वयाने मरतं. नवे घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आणि एका एक्सलवर एक रेडियल, एक क्रॉसप्लाय असे दोन प्रकारचे टायर कधीही नकोत.

हंसध्वनी

रोज हा धागा उघडून बघते की इंजिन फिरलं का!

दुहेरी_क्लच

हंसध्वनी ताई, फिरलं!

तेवीस दिवस लागले. रोज संध्याकाळी गाडी थोडी झुलवायचो, काही व्हायचं नाही. परवा झुलवताना ‘टक्’ असा अगदी बारीक आवाज आला आणि पंखा बोटभर हलला. मी तिथेच जमिनीवर बसलो. मग हॅंडल लावून, अंगठा काकांनी सांगितला तसा ठेवून, अर्धा फेरा, मग एक, मग दोन. प्लगच्या भोकांतून काळं तेल उडालं ते भिंतीवर अजून आहे, पुसणार नाही.

काल सुरू केलं. आधी प्लग न लावता नॉब ओढून इंजिन फिरवलं, डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत. या गाडीत प्रेशर दाखवणारा काटा नाही, तो एक दिवाच काय तो निरोप देतो. ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट साफ करून गॅप ०.४ मिमी ठेवली, कंडेन्सर नवा लावला, कार्बोरेटरच्या मधल्या नळीत तेल घातलं.

किल्ली फिरवली आणि पेट्रोल पंप टिकटिक करू लागला. टिक टिक टिक टिक, मग सावकाश टिक... टिक... आणि थांबला. वाचून ठाऊक होतं की कार्बोरेटरची वाटी भरली की तो थांबतो आणि थांबला नाही तर कुठेतरी गळतंय किंवा टाकी रिकामी आहे. पण ठाऊक असणं वेगळं. गाडी पहिल्यांदा माझ्याशी काहीतरी बोलली आणि मला ते कळलं.

चोक, नॉब, तिसऱ्या खेपेला सुरू. भरपूर निळा धूर, पाच मिनिटांत कमी झाला. क्लच मात्र चिकटलेला आहे, पेडल दाबूनही गिअर पडत नाही.

ग्रीसगन

वा! भिंतीवरचं तेल खरंच पुसू नका.

क्लचसाठी इंजिन चांगलं गरम करा, बंद करा, पेडल पूर्ण दाबून सीट आणि पेडल यांमध्ये फळी अडकवून रात्रभर ठेवा. बहुतेक वेळा प्लेट आपोआप सुटते.

दुहेरी_क्लच

सकाळी सुटली! ब्रेकचं सगळं काम झालं, मास्टर सिलिंडरने दोन रविवार घेतले. टायर नवे. मडगार्डाच्या आतला तुकडा वेल्ड करून झाला.

आता मतं हवीत. रंग. मूळ फिकट हिरवा, छतावर उन्हाने पांढुरका झालेला, ड्रायव्हरच्या दारावर कोपर टेकून टेकून प्रायमर दिसतोय. वेल्डिंग करणाऱ्या मित्राचं म्हणणं आहे की एवढं केलंस तर रंगही मार.

निवांत_प्रवासी

मारा. गाडी नवी दिसली की आपल्यालाही हुरूप येतो. आणि पत्र्याचं रक्षणही होतं.

जुनी_वाट

माझं मत, मारू नका. रक्षण हवं असेल तर उघड्या जागी पातळ मेण लावा, आतल्या पोकळ्यांत गंजरोधक तेल फवारा. रंग केव्हाही मारता येईल, पण मूळ रंग एकदा गेला की परत आणता येत नाही. फिवाचा ट्युरिन चार्टर आहे, १९६४च्या व्हेनिस चार्टरवरून घेतलेला, म्हणजे जुन्या इमारती जपण्याचा विचार गाड्यांना लावलेला. जे टिकलंय ते टिकवा, मगच दुरुस्ती आणि अगदी इलाज नसेल तरच नवं, असा त्याचा सूर आहे. आजींच्या कोपराने झिजलेला तो रंग कुठल्या दुकानात मिळणार?

पाना_१२

काकांना +१. मात्र सांगाड्याचा गंज तसाच ठेवून त्याला ‘मूळ रूप’ म्हणणारेही लोक आहेत, तसं नको. वरचा रंग जपा, खालचं लोखंड दुरुस्त करा.

दुहेरी_क्लच

दाराचं ठरलं, रंग नाही. निवांत_प्रवासी, तुमचा मुद्दा कळतो, पण त्या दाराला हात लावायचं धाडस होत नाही.

दुसरा प्रश्न: शिसंविरहित पेट्रोलने व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह बंद होताना जिथे टेकतो ती कडा) झिजतात असं वाचलं. काही करावं का?

ग्रीसगन

ओतीव लोखंडाच्या जुन्या हेडमध्ये पेट्रोलातलं शिसं सीटवर थर धरून उशीसारखं काम करायचं. आता कुठेच तसं पेट्रोल नाही, शेवटी २०२१ साली अल्जीरियातही ते बंद झालं, आणि आरोग्याच्या दृष्टीने ते झालंच पाहिजे होतं. तुम्ही सावकाश चालवणार असाल तर झीज फार हळू होते. टॅपेटचा गॅप (थंड असताना ०.३० मिमी) नियमित मोजा. तो लवकर लवकर कमी होऊ लागला तर व्हॉल्व्ह सीटमध्ये बुडतोय असं समजा. जेव्हा कधी हेड उतरेल तेव्हा कडक सीट बसवून घ्या, त्याआधी उगाच उतरवू नका.

त्याहून महत्त्वाचं. पुढच्या चाकांचे ट्रनियन. चाक ज्या आट्यांवर वळतं त्या आट्या ग्रीसशिवाय झिजतात आणि एक दिवस, बहुधा सावकाश वळताना, चाक आडवं पडून गाडी नाक टेकते. पुस्तिकेत दर १००० मैलांनी ग्रीस सांगितलंय. तुम्ही तेवढं फिरणार नाही, म्हणून मैल मोजू नका, महिने मोजा. आणि गाडी जमिनीवर असताना मारून झालं की चाक उचलून परत मारा, म्हणजे ग्रीस सगळीकडे जाईल.

दुहेरी_क्लच

ट्रनियन आधी तपासले, खेळ नाही. ग्रीस दोन्ही प्रकारे मारलं. इशाऱ्याचे हातही सुरू झाले, बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरला. खांबातून तो छोटा पेटलेला हात बाहेर येतो तेव्हा रस्त्यावरची लहान मुलं थांबतात.

हंसध्वनी

आणि तो आवाज? ज्याच्यासाठी सगळं केलंत तो आला का?

दुहेरी_क्लच

ताई, हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण पहिले तीन रविवार तो आलाच नाही. म्हणजे येत असणार, पण आत बसलेल्याला तसा ऐकू येत नाही. आत गिअरची कुई, दाराच्या काचेची थरथर, पायाखाली इंजिन, या सगळ्यात तो मागे राहतो. ३७ अश्वशक्तीत चढ दुसऱ्या गिअरने चढायचो, उतारावर पाय काढायचो, कान लावायचो. मागून काहीतरी यायचं, पण उताराच्या पायथ्याशी ऐकलेलं ते नव्हे. सायलेन्सर चुकीचा बसवला का, हाही विचार करून झाला.

मग धाकट्या बहिणीला चालवायला शिकवलं. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी सोय) नाही, म्हणून तिला आधी डबल क्लच शिकावा लागला. क्लच, न्यूट्रल, सोड, थोडं ॲक्सिलरेटर, परत क्लच, गिअर. तिला दोन संध्याकाळींत जमलं, मला पंधरा दिवस लागले होते.

आज सकाळी तिला गाडी घेऊन वर पाठवलं आणि मी खाली वळणापाशी उभा राहिलो. दहा मिनिटं काही नाही. मग आधी आवाज आला, गाडी नंतर दिसली. ती हसत हात करत पुढे गेली, मला हात वर करायचंही सुचलं नाही. वळणाआड गेल्यावरही येत राहिला.

जुनी_वाट

वाचून फार बरं वाटलं. एकच विचारतो, उतरताना तिने गिअर कोणता ठेवला होता?

दुहेरी_क्लच

तिसरा, काका. नंतर चौथ्यात उतरवून बघितली, चौथ्यात तो तितका फुटत नाही. आता मी वर जातो आणि ती खाली उभी राहणार आहे, तिलाही ऐकायचंय.